तीन मीटरच्या फटीतलं घर

वास्तुरचनेचं शिक्षण संपलं आणि पुढची सगळी वर्षं गरिबांच्या घरांच्या कामात गेली. वस्त्यांत फिरून घरांची मोजमापं घेतली, नकाशे काढले, पुनर्वसनाच्या सभांना बसले आणि माणसं राहायला गेल्यावर त्या इमारतींत पुन्हापुन्हा जात राहिले. हे शेवटचं काम आमच्या व्यवसायात फारसं कोणी करत नाही. चाव्या वाटल्या, फोटो निघाला की आर्किटेक्ट, बिल्डर, अधिकारी सगळे पुढच्या प्रकल्पाला लागतात. मला जे काही उमगलं ते बहुतेक चाव्या वाटून झाल्यानंतरच्या वर्षांत.

परवडणाऱ्या घरांची चर्चा आपल्याकडे किंमत आणि चौरस फूट एवढ्या दोनच गोष्टींवर चालते. त्या घरात राहून माणसाची तब्येत सुधारते की ढासळते, हे कोणाच्या हिशेबात धरलेलं नसतं. तो खर्च पुढे औषधांत, विजेच्या बिलात आणि बुडालेल्या मजुरीत निघतो, म्हणून घर स्वस्त दिसतं. तो आधीच, नकाशाच्या टेबलावर मोजला गेला पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. त्यासाठी हे काही अनुभवाचे बोल.

१. घर किती फुटांचं, हे नंतर विचारा. आधी शेजारची इमारत किती लांब आहे, ते विचारा.

मुंबईत झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण १९९५ च्या डिसेंबरात आलं. तेव्हा पात्र कुटुंबाला २२५ चौरस फुटांचं घर फुकट मिळायचं. पुढे ते २६९ झालं, आता ३०० आहे. प्रत्येक वाढीच्या वेळी पेढे वाटले गेले आणि त्यात गैर काही नव्हतं, पाच-सहा माणसांच्या कुटुंबाला तीस-चाळीस फूट म्हणजे एका माणसाची झोपायची जागा. पण घर वाढत असताना दोन इमारतींमधली जागा वाढली नाही. पुनर्वसनाच्या इमारतींना मोकळ्या जागेच्या नियमांत सवलत मिळते. वर एका हेक्टरवर किमान ६५० घरं बसलीच पाहिजेत, असा आताचा नियम. घरटी पाच माणसं धरली तर अडीच एकरांत सव्वातीन हजार माणसं होतात. शिवाय त्याच भूखंडावर विक्रीची इमारत उभी करून बिल्डरला खर्च काढायचा असतो. विक्रीच्या इमारतीला बाग, पार्किंग, मोकळं आकाश लागतं. उरलेल्या कोपऱ्यात पुनर्वसनाच्या इमारती खेटून उभ्या राहतात.

याचा परिणाम काय होतो, ते मानखुर्द-गोवंडी पट्ट्यात दिसलं. 'डॉक्टर्स फॉर यू' या संस्थेने लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड आणि पीएमजीपी कॉलनी या तीन पुनर्वसन वसाहतींत घरोघर पाहणी केली. अहवाल २०१८ मध्ये आला. पहिल्या दोन वसाहतींत इमारती जवळजवळ, तिसरीत त्या मानाने मोकळ्या. क्षयरोगाचं प्रमाण पहिल्या दोन वसाहतींत कितीतरी जास्त निघालं आणि तिथेही खालच्या मजल्यांवर, जिथे उजेड पोचत नाही, तिथे अधिक. नटवर पारेखमध्ये आठ मजली इमारतींत जेमतेम तीन मीटरची फट आहे. आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी अशा वसाहतींत वारा कसा फिरतो, किंबहुना कसा अडतो, याचं गणितही मांडलं आहे.

क्षयाचे जंतू हवेतून पसरतात. कोंडलेल्या खोलीत खोकल्यातले बारीक कण तासन्‌तास तरंगत राहतात. वारा खेळता असेल तर ते विरळ होऊन बाहेर जातात, उन्हात जंतू मरतात. हे शाळेतल्या पुस्तकात आहे. क्षयाच्या गोळ्या सरकार मोफत देतं. पोषणासाठी २०१८ पासून महिना ५०० रुपये मिळत होते, २०२४ मध्ये ते १,००० केले. हे सगळं चांगलंच आहे. पण पेशंट गोळ्या घेऊन ज्या खोलीत परततो, ती खोली कोणत्याच औषधयादीत नाही.

२. नकाशातली खिडकी आणि उघडणारी खिडकी वेगळी.

गोवंडीतल्या एका वसाहतीत मी दुपारी बारा-साडेबाराला तळमजल्यावरच्या एका मावशींकडे गेले होते. मूळच्या जालन्याकडच्या, नवरा गेलेला, मुलगा डिलिव्हरीच्या कामावर. त्या तांदूळ निवडत बसल्या होत्या, ट्यूब लावून. बाहेर एप्रिलचं ऊन. खिडकी होती, चांगली चार फूट रुंद, पण आतून प्लायवूडचा तुकडा अडकवून बंद केलेली. मी विचारलं तर म्हणाल्या, "ताई, ही उघडली की आधी वास येतो, मग उंदीर. झोपडीत पत्रा तापायचा, पण दार उघडं टाकून बसता तरी यायचं."

त्यांनी माझ्यासाठी प्लायवूड बाजूला केला. समोर हात लांब केला तर पलीकडच्या इमारतीची भिंत जवळपास लागेल, असं वाटलं. मधल्या फटीत गुडघाभर कचरा, गळक्या पाइपाचं पाणी, वरच्या मजल्यांवरून फेकलेल्या पिशव्या. आठ मजल्यांचा कचरा खाली आणायला सोय नाही, लिफ्ट बंद, मग पिशवी खिडकीतून जाते. खालच्याने खिडकी लावून घेतली की त्याच्या घरातली हवा थांबते. घरातली दुसरी उघडी बाजू म्हणजे दार, आणि ते उघडतं दोन्ही बाजूंना खोल्या असलेल्या लांब अंधाऱ्या पॅसेजमध्ये. तिथे दिवसा ट्यूब जळते, आणि ट्यूब गेली की सोसायटीकडे नवी आणायला पैसे नसतात. मावशींच्या मोरीच्या भिंतीला छातीपर्यंत ओल चढली होती, कोपऱ्यात काळी बुरशी. फोडणी घातली की खोलीभर धूर कोंडायचा. नातवाला दम्याचा पंप चालू होता.

राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे मुंबईसारख्या दमट-उष्ण हवेत खिडक्यांचं उघडं क्षेत्र खोलीच्या जमिनीच्या एक षष्ठांश हवं. म्हणजे १२० चौरस फुटांच्या खोलीला २० चौरस फूट. नकाशात हे बहुतेक वेळा बसवलेलं असतं. मग बांधकामात स्वस्तातली सरकती अॅल्युमिनियमची खिडकी बसते. सरकती खिडकी कधीही निम्मीच उघडते, दुसरी निम्मी काच पहिलीच्या मागे उभी राहते. जुन्या चाळीतली दोन झडपांची लाकडी खिडकी पूर्ण उघडायची. नुसता खिडकीचा प्रकार बदलला तर मिळणारी हवा अर्ध्यावर येते, आणि हे कोणत्याही मंजुरीच्या कागदावर दिसत नाही.

जवळच्याच दुसऱ्या एका वसाहतीत बायकांनी पुढाकार घेतला. मजल्यामजल्यावरून कचरा गोळा करायला दोन माणसं ठेवली, फटीच्या वर जाळी टाकली, गळके पाइप बदलून घेतले, फरशी घालून उतार काढला. महिनाभरात तळमजल्यावरच्या खिडक्या उघडायला लागल्या. फट तीन मीटरचीच राहिली, पण निदान जेवढी हवा होती तेवढी आत आली.

३. या शहराला हे सगळं सव्वाशे वर्षांपूर्वी माहीत होतं.

१८९६ च्या सप्टेंबरात मांडवीत प्लेगचा पहिला रुग्ण ओळखला तो डॉ. अकासिओ व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी. दोन वर्षांत बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाटीच्या वस्त्यांत समुद्राचा वारा शिरावा म्हणून प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड हे रस्ते आडवे कापत नेले. या ट्रस्टचं सगळंच गुणगान करावं असं नाही. जेवढ्या गरिबांची घरं पाडली तेवढी बांधली नाहीत, आणि उठवलेली माणसं शेजारच्या चाळींत जाऊन तिथली गर्दी वाढली. पण ट्रस्टचे प्रमुख जे. पी. ऑर यांनी उजेडाचा एक नियम धरून ठेवला होता: साडेत्रेसष्ट अंशांचा. सोप्या भाषेत सांगायचं तर समोरची इमारत जितकी उंच, त्याच्या निदान निम्मं अंतर मध्ये मोकळं हवं. आठ मजली, म्हणजे सुमारे चोवीस मीटर उंच इमारतीसमोर बारा मीटर. आपण तिथे तीन मीटरवर आलो.

त्याच जुन्या मुंबईतल्या, वरळीच्या बीडीडी चाळींतली खोली १६० चौरस फुटांची, संडास सामायिक. ते जगणं सोपं नव्हतं आणि तिथल्या लोकांना मोठी घरं मिळताहेत याचा मला आनंद आहे. तरी त्या चाळींच्या मधल्या जागांत पोरं क्रिकेट खेळली, वाळवणं पडली, म्हातारी माणसं संध्याकाळी खुर्ची टाकून बसली. नव्या नकाशात ही जागा पोडियमवर किंवा कागदावर असते.

४. संडास घरात आला, ही फार मोठी गोष्ट आहे. हे विसरून पुनर्वसनावर टीका करू नये.

वस्तीत रात्री बाहेर जावं लागू नये म्हणून संध्याकाळनंतर पाणी न पिणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. मूतखडा, मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग, पोटदुखी, आणि शिवाय अंधारातली भीती. सार्वजनिक संडासाच्या रांगेत पाळीच्या दिवसांत उभं राहणं काय असतं, ते उभं राहिल्याशिवाय कळत नाही. वर सांगितलेल्या मावशींना मी विचारलं, परत वस्तीत जाल का? त्यांनी मोरीशेजारच्या संडासाच्या दाराकडे बोट दाखवलं आणि नकारार्थी मान हलवली. त्यांना नळ, संडास आणि उजेड तिन्ही हवं आहे. ही मागणी जास्तीची नाही.

५. जमीन स्वस्त का आहे, याचं उत्तर मिळाल्याशिवाय तिच्यावर नकाशा काढू नये.

माहुलचं उदाहरण सगळ्यांना ठाऊक असायला हवं. तानसा जलवाहिनीच्या कडेची घरं न्यायालयाच्या आदेशाने हलवायची होती. पर्यायी घरं होती ती माहुलला, तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या आणि रसायनांच्या टाक्यांच्या कुशीत. त्या परिसरातल्या हवेमुळे लोकांच्या आरोग्याला धोका आहे, असं राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्येच म्हटलं होतं. तरी माणसं तिथे पाठवली गेली. घसा, डोळे, त्वचा, श्वास, सगळ्याच्या तक्रारी घेऊन ती आंदोलनाला बसली. अखेर २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने सांगितलं की, लोकांना तिथे राहायची सक्ती करता येणार नाही. दुसरीकडे घर देता येत नसेल तर महिना १५,००० रुपये भाडं आणि ४५,००० रुपये अनामत द्या. या निकालाचा अर्थ मी माझ्या विद्यार्थ्यांना असा सांगते: इमारत पक्की होती, घरात नळ होता, कागद नावावर होते, आणि तरीही ते राहण्याजोगं घर नव्हतं.

देवनारची कचराभूमी १९२७ पासूनची. आसपास वाढलेल्या एम-पूर्व विभागात शहरातल्या इतर ठिकाणांहून उठवलेली माणसं आणून वसवली गेली. २०१६ च्या जानेवारीत कचरा पेटला तेव्हा धूर मुंबईभर पसरला आणि पेपरांत पहिल्या पानावर आला. गोवंडीकरांना तो धूर नवा नव्हता. आता धारावीच्या पुनर्विकासात घरं बांधण्यासाठी याच कचराभूमीतली सुमारे १२४ एकर जमीन देण्याचं सरकारने २०२४ मध्ये ठरवलं आहे. कचरा हलवून, जमीन शुद्ध करून घरं बांधता येतात, तंत्र आहे. पण वर्षानुवर्षं कुजलेल्या कचऱ्यातून मिथेन निघत राहतो, काळं पाणी झिरपत राहतं, आणि जमीन पूर्ण निवायला वेळ लागतो. तो वेळ प्रकल्पाच्या वेळापत्रकात बसवला आहे की नाही, हे राहायला जाणाऱ्या माणसाने विचारायचं नाही तर कोणी?

साधी तपासणी सांगते. वारा कुठून येतो आणि वाटेत काय आहे. पावसाचं पाणी कुठे जातं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्या रात्री पाणी कुठवर चढलं होतं हे परिसरातला कोणताही म्हातारा माणूस भिंतीवर बोट ठेवून दाखवतो. जवळचा दवाखाना, शाळा, रेशन दुकान किती लांब. खाडीकडेला असेल तर तिवरं तोडून भराव घातला आहे का. एवढ्या प्रश्नांत जमिनीची किंमत कमी का, ते समजून येतं. स्वस्त जागेतला धोका कोणीतरी आधीच ओळखलेला असतो, म्हणूनच ती स्वस्त असते.

६. गरिबाचं घर हे कारखानाही असतं.

सोलापूरला मी पहिल्यांदा गेले ती कुंभारीची गोदूताई परुळेकर विडी कामगार वसाहत बघायला. दहा हजार घरं, २००६ मध्ये कामगारांच्या हाती आलेली, कामगार नेते नरसय्या आडम मास्तर आणि त्यांच्या संघटनेच्या लांबलेल्या लढ्यातून. पुढे तिथेच असंघटित कामगारांसाठी रे नगरची तीस हजार घरांची योजना झाली, त्यातल्या पहिल्या पंधरा हजारांच्या चाव्या २०२४ च्या जानेवारीत दिल्या गेल्या. एका शहरातल्या कामगारांनी एवढी घरं उभी करून घ्यावीत, ही देशात क्वचित घडलेली गोष्ट आहे आणि मुंबई-पुण्यातले आम्ही तिची पुरेशी दखल घेतली नाही.

तिथे मी बघत होते ती घरातली बसायची जागा. विडी वळणारी बाई सूप मांडीवर घेऊन दाराच्या उंबऱ्याशी बसते. तिथे उजेड असतो, वारा असतो, आणि तंबाखूची धूळ बाहेर उडते. सकाळी कातरून ओलवलेली पानं, दोऱ्याचं रीळ, शेजारी शेजारीण, रांगणारं पोर. हजार विड्या झाल्या की एक कामाचा दिवस भरतो. हीच बाई बंद खोलीत बसली तर तीच धूळ दिवसभर तिच्या आणि पोराच्या छातीत जाणार. जमिनीला टेकलेल्या घरात ओटा असतो. आठव्या मजल्यावर ओटा नसतो.

मुंबईतही तेच. जरीकाम, पापड, इडल्या, कापडाच्या चिंध्या वेगळ्या करणं, बांगड्यांना टिकल्या लावणं. माणूस इमारतीत गेला तरी काम त्याच्यासोबत आत जातं आणि पॅसेज, जिना, पार्किंग यांत पसरतं. मग सोसायटी भांडते, आगीची भीती वाढते. पाहणीच्या तक्त्यात आम्ही 'कुटुंबातील सदस्य' लिहितो, 'घरात होणारं काम' हा रकाना घालत नाही. तो घालायला सुरुवात केल्यावर माझे नकाशे बदलले: मजल्यावर पॅसेजच्या टोकाला भिंत न घालता तिथे उघडी, जाळीची एक सामायिक खोली. बिल्डर तिला वाया गेलेली जागा म्हणतो. बायका तिथे सकाळी नऊला येऊन बसतात.

७. उंच इमारत बांधायला एकदा पैसे लागतात आणि चालवायला रोज.

पुनर्वसनाच्या इमारतीसाठी बिल्डर देखभालीची ठेव ठेवतो. ती आधी घरटी २० हजार होती, नंतर ४० हजार झाली. तिच्या व्याजावर लिफ्ट, पंप, पॅसेजचे दिवे, टाक्या धुणं, रंग, आगीची यंत्रणा हे सगळं भागायचं. भागत नाही. फुकट मिळालेल्या घराचा महिन्याचा मेन्टेनन्स घरकाम करणाऱ्या बाईला झेपत नाही, थकबाकी वाढते, लिफ्ट थांबते. मग पंधराव्या मजल्यावरचे गुडघे दुखणारे आजोबा घरातच बसतात, बाळंतीण दवाखान्यात जायचं टाळते. टाकी धुतली नाही की पावसाळ्यात कावीळ फिरते. उंची किती असावी, हे ठरवताना एफएसआय, म्हणजे भूखंडावर किती बांधकाम करता येतं ते, बघतात. राहणाऱ्याच्या खिशाला किती लिफ्ट झेपते, तेही बघायला हवं.

८. माणसं जिथे आहेत तिथेच घर सुधारणं, हा मार्ग अजूनही सगळ्यात निरोगी आहे.

पुण्यात येरवड्याला केंद्राच्या जेएनएनयूआरएम योजनेतून काही वस्त्यांत हे झालं. महिला मिलन आणि स्पार्क या संस्था, वास्तुरचनाकार प्रसन्न देसाई, आणि वस्तीतल्या बायका. सगळी वस्ती पाडायची नाही. कच्चं घर पाडून त्याच जागी सुमारे २७० चौरस फुटांचं पक्कं घर बांधायचं, गल्ली तीच, शेजारी तेच, पक्कं असेल ते घर राहू द्यायचं. खर्चातला दहावा हिस्सा कुटुंबाचा. कोणी तळमजला आणि वर एक अशी रचना निवडली, काही ठिकाणी शेजाऱ्यांनी मिळून जागा एकत्र केल्या, त्यामुळे गल्ली थोडी रुंद झाली. त्या गल्ल्यांतून फिरताना जिन्याच्या पायऱ्यांवर बसलेली माणसं, कुंड्या, वाळत घातलेल्या गोधड्या दिसतात. मला तिथे जे जाणवलं ते असं की, काम, शाळा, दवाखाना, उधारीचं दुकान, आजारपणात पोर सांभाळणारी शेजारीण, यांतलं काहीच तुटलेलं नव्हतं. आजारी माणसाला यांतलं शेवटचं सगळ्यात जास्त लागतं.

त्याहून जुनं उदाहरण कांदिवलीतल्या चारकोपचं. जागतिक बँकेच्या मदतीने १९८५ पासून मुंबईत जी योजना राबवली गेली, तिच्यात तयार घरं दिली नाहीत. साधारण पंचवीस ते चाळीस चौरस मीटरचे छोटे भूखंड, पाणी, गटार, रस्ता आणि संडासाची सोय दिली. पस्तीसेक भूखंडांमध्ये एक सामायिक अंगण. माणसांनी जमेल तसं बांधलं, मुलगा कमवायला लागला की वर मजला चढवला. आज चारकोपमध्ये मध्यमवर्ग राहतो, मूळ कुटुंबांपैकी किती टिकली यावर वाद होऊ शकतो. पण वस्ती बघा: दाट आहे, बुटकी आहे, लिफ्ट नाही, पंपाचा खर्च कमी, दारात झाड आहे, आणि प्रत्येक घराला निदान एक बाजू उघडी आहे. अशी योजना आपण पुन्हा मोठ्या प्रमाणावर केली नाही, याची मला खंत आहे. जमिनीच्या किमतीतून पैसा काढण्याची सवय लागल्यावर नुसती जमीन वाटणं कोणाला परवडेनासं झालं.

९. सर्वात वरच्या मजल्याचा विचार उन्हाळ्यात करावा.

खालचा मजला अंधारात, वरचा भट्टीत, अशी या इमारतींची विभागणी असते. काँक्रीटचा स्लॅब दिवसभर ऊन शोषतो आणि रात्री घरात सोडतो. सोलापूर, नागपूर, जळगावला तर रात्री अकरालाही भिंतीला हात लाववत नाही. उष्माघाताच्या बातम्या रस्त्यावरच्या माणसांच्या येतात, पण रात्री झोप न मिळणं, रक्तदाबाच्या रुग्णांचे आणि बाळांचे हाल, हे सगळं घरात घडत असतं. गच्चीला पांढऱ्या चुन्याचा किंवा परावर्तक रंगाचा हात दिला तर आतलं तापमान दोन-तीन अंशांनी उतरतं. आपल्याकडची पांढऱ्या तुकड्यांची चायना मोझॅकची गच्ची हेच काम वर्षानुवर्षं करते. पश्चिमेच्या खिडकीवर दीड-दोन फुटांचा छज्जा, हा आणखी एक स्वस्त उपाय. तो हल्ली एफएसआयच्या गणितात आणि सपाट दर्शनी भागाच्या हौसेत नाहीसा झाला आहे.

या वाढत्या उष्म्यात बांधकामाचाही वाटा आहे: जगात होणाऱ्या कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनापैकी सात-आठ टक्के सिमेंटमधून येतं. लाखो घरं बांधायची तर कमी सिमेंटमध्ये बांधायला हवीत. लॉरी बेकर यांनी केरळात रूढ केलेल्या रॅट-ट्रॅप बाँडच्या, म्हणजे विटा उभ्या लावून मध्ये पोकळी ठेवलेल्या, भिंतीत विटा पाव हिस्सा वाचतात आणि मधल्या पोकळीमुळे ऊन आत कमी येतं. दुमजली घरांना ही भिंत पुरते. वीस मजल्यांना नाही, आणि म्हणून आठवा मुद्दा मला इथेही आठवतो.

१०. सही करण्याआधी बावीस डिसेंबरची सावली मागावी.

पुनर्विकासाची सभा भरते तेव्हा भिंतीवर रंगीत चित्र असतं, हिरवळ, कारंजं, गोरी मुलं. लोक कार्पेट एरिया, देखभालीची ठेव, संक्रमण शिबिराचं भाडं विचारतात. ते विचारलंच पाहिजे. पण त्याच सभेत आर्किटेक्टला सांगावं की, बावीस डिसेंबरला दुपारी बाराला या इमारतींची सावली कुठे पडते, ती आकृती काढून दाखवा. त्या दिवशी मुंबईत सूर्य दक्षिणेला जेमतेम साडेसत्तेचाळीस अंशांवर असतो. चोवीस मीटर उंच इमारतीची सावली उत्तरेला बावीस मीटर जाते. समोरासमोरच्या इमारतींत तीन मीटर अंतर असेल तर दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीवर ऊन फक्त सगळ्यात वरच्या मजल्यापर्यंत उतरतं. बारा मीटर असेल तर वरच्या चार मजल्यांना मिळतं, आणि खालच्यांना निदान आकाशाचा उजेड.

आकृतीसोबत आणखी थोडं मागावं: खिडकी सरकती की झडपांची, मोरी-संडासाची हवा जिथे जाते तो डक्ट किती रुंद आणि तो धुवायला खाली दार आहे का, कचरा मजल्यावरून खाली कसा येणार, पॅसेजला टोकाला उघडी खिडकी आहे का, दहा वर्षांनी लिफ्टचा खर्च घरटी किती पडेल. उत्तरं लेखी घ्यावीत आणि करारनाम्याला जोडावीत. सावलीची आकृती काढायला आर्किटेक्टच्या कॉम्प्युटरवर अर्धा तास लागतो, तेव्हा "वेळ नाही" हे उत्तर ऐकून घेऊ नये. नकाशा मंजूर होईपर्यंत इमारत कागदावर सरकवता येते.